जनरेटर कसा चालतो, कुठे लागतो: लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी परळला राहतो, डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, मेंटेनन्समध्ये चोवीस वर्षं झाली. सोसायटीचे सेक्रेटरी, मंडळातली पोरं, दहावी-बारावीची मुलं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात आणि फोनवर अर्धवट उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

जनरेटर वीज बनवतो म्हणजे नक्की काय करतो?

वीज तो शून्यातून काढत नाही, एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळं सोपं होतं. त्याला कोणीतरी फिरवावं लागतं, त्या फिरवण्याच्या जोराची तो वीज करून देतो. १८३१ साली मायकेल फॅरडेनी लंडनमध्ये बघितलं की तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत सरकवला की मीटरचा काटा हलतो, बाहेर काढला की उलट्या बाजूला हलतो, आणि चुंबक नुसता आत ठेवून दिला तर काटा शून्यावरच. म्हणजे चुंबक कितीही दणकट असू दे, तो हलला तरच तारेत वीज येते. जगातले बहुतेक सगळे जनरेटर, सायकलच्या चाकाला घासणाऱ्या डायनॅमोपासून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापर्यंत, ह्याच एका गोष्टीवर चालतात, फरक फक्त फिरवतं कोण ह्यात आहे. कुठे डिझेल इंजिन, कुठे वाफ, कुठे घाटावरून पडणारं पाणी, कुठे वारा.

एक युनिट विजेला किती जोर लागतो?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरंतर पहिला हाच विचारायला हवा. हजार लिटरची पाण्याची टाकी पूर्ण भरलेली आहे, ती बारा मजली बिल्डिंगच्या गच्चीवर उचलून न्यायची, खाली आणायची, परत वर न्यायची, असं दहा वेळा वर नेलं की साधारण एका युनिटएवढं काम होतं. किंवा सायकल दामटून वीज करायची म्हटली तर तब्येतीने ठणठणीत माणूस सलग शंभर वॅटच्या आसपास देऊ शकतो, म्हणजे दहा तास घाम गाळल्यावर एक युनिट. तेवढं एक युनिट दीड टनाचा एसी तासाभरात खाऊन टाकतो. हे कळल्यापासून मी स्वतः घरातला रिकाम्या खोलीतला पंखा न बंद करता बाहेर पडत नाही.

दहावीच्या पुस्तकात कॉइल फिरताना दाखवलीये आणि तुमच्या मशीनमध्ये चुंबक फिरतो, बरोबर काय?

दोन्ही बरोबर. चुंबक स्थिर ठेवून तार फिरवा नाहीतर तार स्थिर ठेवून चुंबक फिरवा, एकमेकांच्या तुलनेत हालचाल झाली की काम झालं. मोठ्या मशीनमध्ये चुंबक फिरवतात ह्याचं कारण सरळ आहे, तयार झालेली शेकडो अँपिअर वीज फिरत्या भागावरून कार्बन ब्रशने बाहेर काढायची म्हणजे ठिणग्या आणि झीज, त्यापेक्षा ती वीज स्थिर भागातून, म्हणजे स्टेटरमधून, सरळ जाड केबल लावून घ्यायची. फिरणारा तो रोटर.

आणि हा रोटरवरचा चुंबक घरातल्या लोहचुंबकासारखा नसतो, तो तारांची गुंडाळी असलेला विद्युतचुंबक असतो, त्याला थोडी वीज दिली की तो चुंबक बनतो. किती द्यायची हे एव्हीआर नावाचं छोटं कार्ड ठरवतं, व्होल्टेज पडलं की थोडी वाढवतं, चढलं की कमी करतं.

मग सुरुवातीला त्या चुंबकाला वीज कोण देतं? अजून तर वीज तयारच झालेली नाही!

मला हा प्रश्न भायखळ्याच्या एका बारावीच्या मुलीने विचारला होता आणि मी मनापासून खूश झालो होतो. उत्तर असं की रोटर आणि एक्सायटरच्या (रोटरच्या चुंबकाला वीज पुरवणारा छोटा जनरेटर) लोखंडात आधीच्या वेळची किंचित चुंबकशक्ती शिल्लक राहिलेली असते. इंजिन फिरलं की त्या उरलेल्या चुंबकत्वावर थोडंसं व्होल्टेज तयार होतं, ते परत चुंबकाकडे जातं, चुंबक जरा दणकट होतो, व्होल्टेज अजून वाढतं, असं करत करत काही सेकंदात पूर्ण व्होल्टेज येतं. बरेच महिने पडून असलेला सेट कधीकधी इंजिन झकास चालतं पण व्होल्टेजचा काटा हलत नाही असं करतो, त्याचं एक कारण हेच, उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. बॅटरीने ते परत देता येतं पण ते जाणकार माणसालाच करू द्या, पोलॅरिटी उलटी लागली तर भलतंच काम वाढतं.

१५०० आरपीएमचाच हट्ट का?

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण पुढे-मागे होतो. रोटरवर चुंबकाचे चार ध्रुव असतील तर एका फेरीत दोन आवर्तनं होतात, मग सेकंदाला पंचवीस फेऱ्या, मिनिटाला १५००. दोनच ध्रुव असतील तर ३०००, वाफेवरचे मोठे टर्बाइनवाले जनरेटर बहुधा ह्या वेगाने फिरतात. पाण्यावरचे हळू फिरतात म्हणून त्यांना ध्रुव जास्त असतात.

पंपाचा खटका टाकला की जनरेटर एकदम घुमतो, आवाज जड होतो, असं का?

लांब उत्तर देतो कारण जनरेटरचा सगळा जीव ह्या एका प्रश्नात आहे.

इंजिन रिकामं फिरत असतं तेव्हा त्याला फार काही करावं लागत नाही, बेअरिंगचं घर्षण आणि पंख्याचा वारा एवढंच. तुम्ही पंप चालू केला की स्टेटरच्या तारांतून करंट वाहायला लागतो, आणि करंट वाहणारी तार स्वतःच चुंबक बनते, आणि हा नवा चुंबक रोटरच्या चुंबकाला अडवतो, मागे ओढतो. हा लेन्झचा नियम, पुस्तकात एका ओळीत असतो पण जनरेटर रूममध्ये उभं राहून तो कानाने ऐकू येतो. जेवढा लोड जास्त तेवढी ही अदृश्य पकड घट्ट. इंजिनचा वेग क्षणभर पडतो, गव्हर्नरला, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाला, ते कळतं, तो जास्त डिझेल सोडतो, वेग परत १५०० वर. तो जड आवाज म्हणजे जास्त डिझेल जळण्याचा आवाज. म्हणजे तुमच्या पंपाने वर चढवलेलं पाणी आणि टाकीतून कमी झालेलं डिझेल ह्यांचा हिशोब त्याच क्षणी जुळवला जातो, मध्ये कुठे उधारी नाही. मोठ्या ग्रिडवरही, म्हणजे वीजकेंद्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावरही, हेच. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली, तेव्हापासून सगळा देश एका ग्रिडवर आहे आणि एका ठेक्यात चालतो. संध्याकाळी दादरला हजारो लोक घरी येऊन दिवे-पंखे लावतात तेव्हा देशभरातल्या कितीतरी जनरेटरवर ती पकड कणभर घट्ट होते.

मोटर आणि जनरेटरमध्ये फरक काय?

आतून फारसा काहीच नाही. वीज देऊन फिरवली तर मोटर, फिरवून वीज घेतली तर जनरेटर. तुम्ही रोज हे अनुभवता पण लक्षात येत नाही, मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना चाकाच्या मोटरलाच जनरेटर करतात, गाडीचा वेग वीज बनून ओव्हरहेड वायरमध्ये परत जातो आणि त्या लाईनवरची दुसरी गाडी ती वापरू शकते.

इन्व्हर्टर आहे, मग जनरेटर कशाला?

इन्व्हर्टर साठवलेली वीज देतो, बॅटरी संपली की खेळ संपला. जनरेटर डिझेल आहे तोवर चालतो आणि लिफ्ट, पंप असला जड लोड ओढतो. पण त्याला सुरू होऊन लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणून हॉस्पिटलच्या आयसीयूत दोन्ही लागतात, मधले ते सेकंद यूपीएस, म्हणजे इन्व्हर्टरसारखीच बॅटरीवरची यंत्रणा, सांभाळतो.

मुंबईची स्वतःची वीज कुठून येते?

मला ह्यावर बोलायला खूप आवडतं. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, वर लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पाणी अडवायचं, ते पाइपातून घाट उतरवून खाली चाकावर मारायचं, आणि ती वीज तारांवरून मुंबईच्या कापड गिरण्यांना. माझे आजोबा ज्या गिरणगावात राहिले तिथले साचे, म्हणजे कापडाचे माग, सह्याद्रीच्या पावसावर फिरत होते असं म्हटलं तरी चालेल. नंतर भिवपुरी आलं, भिरा आलं. भिऱ्याला पाणी मुळशीच्या धरणाचं, आणि ह्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, त्याविरुद्ध १९२१ ला मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. मुंबईत बटण दाबलं की लागणाऱ्या दिव्यामागे हे पण आहे, ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

भिऱ्याला एक जनरेटर असा आहे की विजेची मागणी कमी असताना तेच मशीन मोटर बनून पाणी परत वर चढवतं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतं. वर लिहिलं ना मोटर आणि जनरेटर एकच, हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. ह्याशिवाय ट्रॉम्बे, डहाणूची औष्णिक केंद्रं आहेत आणि बाकीची वीज राज्याच्या आणि देशाच्या ग्रिडमधून येते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई बंद पडली तेव्हा एवढे मोठे जनरेटर लगेच चालू का झाले नाहीत?

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला लोकलसकट सगळं थांबलं होतं, आठवत असेल. मोठं औष्णिक केंद्र सुरू करायलाच वीज लागते, कोळसा दळणारी गिरणी, बॉयलरमध्ये हवा मारणारे पंखे, पाण्याचे पंप, हे सगळं विजेवर. शिवाय बॉयलर थंड पडला असेल तर गरम व्हायला तासन्‌तास जातात. पाण्यावरच्या जनरेटरचं तसं नाही, झडप उघडली, पाणी आलं, काही मिनिटात वीज. म्हणून ग्रिड कोसळली की बऱ्याचदा सुरुवात पाण्यापासून करतात, त्या विजेवर मोठी केंद्रं उठवतात, आणि मग एकेक एरिया जोडत जातात. एकदम सगळा लोड टाकला तर परत बसतं. म्हणून काही ठिकाणी लाईट लवकर आली आणि काही ठिकाणी रात्र झाली.

आमच्या सोसायटीला किती केव्हीएचा सेट लागेल?

समजा सात मजली बिल्डिंग, लिफ्टची मोटर साडेसात एचपी म्हणजे साधारण साडेपाच किलोवॅट, पाण्याचा पंप पाच एचपी म्हणजे पावणेचार, जिना-पॅसेजचे दिवे एक. बेरीज सव्वादहा किलोवॅट. डीजी सेटचं केव्हीए (सेटची ताकद सांगायचं माप) काढताना ०.८ ने भागतात, म्हणजे तेरा केव्हीए. आता पंधराचा घेऊन मोकळे व्हाल तर फसाल, कारण साध्या स्टार्टरवरची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते, दिवे डोळे मिटतात, लिफ्टचा कंट्रोलर बंद पडतो. अशा ठिकाणी मी पंचवीस सांगतो. लिफ्टला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं यंत्र, असेल तर ती हळू उठते मग वीसमध्येही भागतं. फायर पंप जोडायचा असेल तर हिशोब पूर्ण वेगळा, तो फार मोठा लोड आहे, त्यासाठी मोजमाप करूनच ठरवा. आणि "पुढेमागे लागेल" म्हणून साठचा आणू नका, कारण खाली लिहिलंय.

दर शनिवारी चालवतो तरी ऐनवेळी सुरू का होत नाही?

कारण शनिवारी तुम्ही दहा मिनिटं रिकामा फिरवता, खटका टाकून लोड देत नाही.

कमी लोडवर डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं काळं चिकट तेल सायलेन्सरमधून गळायला लागतं, नोझल आणि व्हॉल्व्हवर राप चढतो. एकतृतीयांशापेक्षा कमी लोडवर सेट कायम चालवणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं. महिन्यातून एकदा तरी मेन बंद करून खरी लिफ्ट, खरा पंप टाकून अर्धा तास चालवा, रहिवाशांना आधी सांगा, कुरकूर होईल पण होऊ द्या.

ऐनवेळी दगा देणारी दुसरी गोष्ट बॅटरी, आणि माझ्या अनुभवात तर पहिली. मी २०२० च्या त्या ब्लॅकआउटच्या दिवशी एका सोसायटीत धावत गेलो होतो, ऐंशीच्या घरातल्या एक आजी लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या, वॉचमन सेल्फ मारतोय आणि नुसतं टक टक टक. बॅटरी चार वर्षं बदललेली नव्हती, चार्जरची पिन कोणीतरी मोबाइल लावायला काढलेली. शेवटी लिफ्ट हाताने सरकवून त्यांना बाहेर काढलं. एका बॅटरीचे पैसे वाचवले होते कमिटीने. त्या आजींचा चेहरा मी विसरलेलो नाही. बॅटरीवर बसवल्याची तारीख पेंटने लिहा, टर्मिनल साफ ठेवा, समुद्राच्या हवेने आपल्याकडे तिथे फार पटकन हिरवट साका येतो. बाकी मग डिझेल लाईनने एअर धरणं, फिल्टर चोंदणं, टाकीच्या तळाला पाणी साठणं, हे सगळं दर सर्व्हिसिंगला बघितलं की होत नाही.

डिझेल किती खातो?

एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटची ऊर्जा असते, त्यातली सोसायटीच्या सेटमधून तीन ते साडेतीन युनिट वीज बनून बाहेर येते, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता बनून जाते. लिटरला नव्वद रुपये धरले तर नुसत्या डिझेलचेच युनिटला पंचवीस ते तीस रुपये पडतात.

मंडळाच्या मंडपात भाड्याचा जनरेटर आणतो, काय बघायचं?

अर्थिंग, अर्थिंग आणि अर्थिंग. गाडीवरचा सेट रबरी टायरवर उभा असतो, तो जमिनीला आपोआप जोडला जात नाही. पाऊस, लोखंडी पाइपांचा मंडप, ओली जमीन, आणि खाली लहान मुलं रांगेत, एक सोललेली वायर पाइपला टेकली की काय होईल विचार करा. सेटची बॉडी, न्यूट्रल आणि मंडपाचे पाइप नीट अर्थ झालेत का हे लायसन्सवाल्या वायरमनकडून तपासून घ्या, बोर्डात ईएलसीबी (वीज गळली की सप्लाय लगेच तोडणारा स्विच) हवाच, केबल पायाखालून न नेता वरून न्या, धूर मंडपाकडे येणार नाही अशा बाजूला गाडी लावा. चालू सेटमध्ये डिझेल ओतू नका, बंद करा, पाच मिनिटं अंधार झाला तरी चालेल, बाप्पा रागावणार नाही.

जनरेटर बेसमेंटमध्ये ठेवावा का?

शक्यतो नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, किती बिल्डिंगच्या मीटर केबिन पाण्याखाली गेल्या. ज्या दिवशी जनरेटर सगळ्यात जास्त लागतो त्याच दिवशी तो पाण्यात, मग उपयोग काय. जपानमध्ये फुकुशिमाला २०११ ला हेच झालं, भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद झाल्या, थंड करायला डिझेल जनरेटर चालू पण झाले, आणि मग त्सुनामीचं पाणी आत शिरलं, जवळजवळ सगळे बंद पडले. नवीन बिल्डिंग होत असेल तर उंच चौथऱ्यावर जागा मागून घ्या, नंतर कोणी देत नाही.

आवाज आणि धुराचं काय, शेजारी तक्रार करतात.

१००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल सेटला सायलेंट कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणारी पेटी, लागते आणि कॅनोपीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जायला नको असा नियम आहे. १ जुलै २०२३ पासून नव्या सेटना धुराचे नियमही बरेच कडक झालेत. जुना सेट असेल तर धुराचा पाइप उंच न्या, कोणाच्या खिडकीसमोर सोडू नका.

छोटा पेट्रोलवाला सेट बाल्कनीत किंवा दुकानात ठेवला तर?

नको. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही वास नाही, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. अर्धी उघडी खिडकी किंवा अर्धवर ओढलेलं शटर पुरत नाही. उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब.

चेंजओव्हर (मेन आणि जनरेटर ह्यातलं एकच निवडणारा स्विच) न लावता जनरेटरची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसली तर? लाईट तर लागते.

लागते, आणि म्हणूनच लोक करतात, आणि मी हात जोडून सांगतो करू नका. मेन स्विच चुकून चालू राहिला तर तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, नाक्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या बाजूने शिरते आणि तिथे २३०-४०० व्होल्टचे ११,००० व्होल्ट होतात. लोड ओढून तुमचा सेट बसेल, पण त्याआधी पलीकडे काय होईल. लाईट गेलीये म्हणजे कुठेतरी रस्त्यात चर खणून एक माणूस गुडघाभर पाण्यात केबल जोडत बसलाय, त्याने आपल्या बाजूने सप्लाय बंद केलाय. तुमच्याकडून उलटी वीज येईल असं त्याला कसं कळणार? आणि मेनची लाईट परत आली तर ती तुमच्या जनरेटरच्या ठेक्याशी जुळलेली नसते, दोघांची टक्कर होऊन शाफ्ट, वाइंडिंग काहीही जाऊ शकतं. चेंजओव्हरमध्ये एकावेळी एकच बाजू जोडली जाते, न्यूट्रलसकट तोडणारा चार पोलचा घ्या. ऑटोमॅटिक हवा असेल तर एएमएफ पॅनल, ते मेन गेली की सेट आपणहून सुरू करून लोड त्यावर टाकतं.

गच्चीवर सोलर आहे, भर दुपारी लाईट गेली की सोलर पण बंद होतं, बिघडलंय का?

नाही, बरोबर चाललंय. साधा ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर मेन गेली की स्वतःला मुद्दाम बंद करतो, वरच्याच कारणासाठी. तो चरातला माणूस केबलवर हात ठेवून बसलेला असतो.